सेंटरचं मोल कसं जोखायचं? बचाव, रिबाउंड आणि रूडी गोबेर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, सामने आपल्याकडे पहाटेपासून सुरू होतात. पहिला चहा होईपर्यंत सामन्याच्या चार पावांपैकी (क्वार्टरपैकी) दुसरा संपलेला असतो. मी कॉलेजपर्यंत सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारी, बहुधा संघातली सगळ्यात उंच खेळाडू, म्हणून खेळले, आता शनिवार-रविवार सिमेंटच्या कोर्टवर मुलींना शिकवते, आणि सामना कुठलाही असो, माझी नजर बॉलपेक्षा सेंटरच्या पायांवर असते. मुली, त्यांचे पालक आणि सामन्यांच्या निमित्ताने ओळखीचे झालेले लोक तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून काढली. उदाहरण म्हणून बहुतेक ठिकाणी आधी यूटाकडून आणि मग मिनेसोटाकडून खेळलेला रूडी गोबेर घेतला आहे. इतकं मोठं कौतुक आणि इतकी मोठी टिंगल एकाच वेळी वाट्याला आलेला दुसरा सेंटर आज मला दिसत नाही.

सेंटरचं बचावातलं काम नेमकं काय असतं?

रिंगखालची जागा राखायची. समोरचा गार्ड, म्हणजे बाहेरून बॉल घेऊन येणारा खेळाडू, आपल्या गार्डला चकवून आत घुसला की ती चूक सावरायला मागे फक्त सेंटर उरलेला असतो. त्यामुळे त्याला दोन माणसं सांभाळावी लागतात: स्वतःचा सेंटर आणि ज्याचा रखवालदार मागे पडला तो. या दोघांच्या मध्ये कुठे उभं राहायचं, हाच त्याच्यासमोरचा रोजचा प्रश्न. एक पाऊल पुढे गेला तर मागे पास जातो, एक पाऊल मागे राहिला तर समोरचा आरामात शॉट घेतो.

त्याच्या कामात बोलणंही येतं. बाकी चौघांच्या पाठी रिंगकडे असतात, समोरचं सगळं मैदान फक्त सेंटरला दिसतं. ‘डावीकडून स्क्रीन येतेय’, ‘कोपरा मोकळा आहे’ हे ओरडून सांगणारा तोच. गप्प बसणारा सेंटर कितीही उंच असला तरी बचाव अर्धाच होतो. आमच्याकडे नवीन आलेल्या मुलीला मी पहिला महिनाभर हेच शिकवते, आणि सगळ्यात अवघड तिला हेच जातं.

ज्याचे ब्लॉक जास्त, त्याचा बचाव चांगला. यात चूक काय?

ब्लॉक, म्हणजे हातानं हवेतच अडवलेला शॉट. तो मोजायला सोपा, टीव्हीवर दिसायला छान, म्हणून आपण तोच धरून बसतो. पण हिशोब करून पाहा. एनबीएमध्ये सामन्याला तीन ब्लॉक करणारा सेंटर म्हणजे अव्वल दर्जाचा. त्याच सामन्यात समोरचा संघ ८५-९० शॉट घेतो. तीन ब्लॉक बाजूला काढले तरी बाकीच्या शॉट्सचं काय झालं, हा प्रश्न उरतोच.

शिवाय ब्लॉक-ब्लॉकमध्येही फरक आहे. बॉल प्रेक्षकांत भिरकावला की टाळ्या पडतात, पण बॉल पुन्हा समोरच्यांकडेच जातो. बोस्टनचा जुना सेंटर बिल रसेल याची ख्याती अशी की तो शॉट अडवायचा तोही बॉल मैदानात राहील, शक्यतो आपल्याच माणसाच्या हाती पडेल अशा बेतानं. एका हालचालीत समोरच्यांचा हल्ला संपला आणि आपला सुरू झाला. दोन्हींची नोंद कागदावर ‘१ ब्लॉक’ अशीच होते. रसेलच्या बाबतीत तर तीही नाही, कारण एनबीएनं ब्लॉकची अधिकृत नोंद १९७३-७४ च्या मोसमापासून सुरू केली आणि तो १९६९ मध्येच निवृत्त झाला होता.

आणि ब्लॉकच्या मागे धावणारा सेंटर महागातही पडतो. खोट्या हुलकावणीवर उडी मारतो, फाउल देतो, जागा सोडतो, मागे रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या शॉटचा बॉल, घ्यायला कुणी उरत नाही. तरुण सेंटरमध्ये हा दोष हमखास असतो. त्याला रागवून काही होत नाही, ‘समोरच्याचे पाय जमिनीवरून सुटेपर्यंत तुझे पाय जमिनीवर’ एवढं शंभरदा सांगावं लागतं.

मग चांगल्या बचावाची खूण कोणती?

समोरच्याने न घेतलेला शॉट.

गोबेरची उंची ७ फूट १ इंच. २०१३ च्या ड्राफ्टआधीच्या (ड्राफ्ट म्हणजे संघांनी आळीपाळीनं नवे खेळाडू निवडणं) मोजणीत त्याच्या पसरलेल्या हातांची लांबी ७ फूट साडेआठ इंच भरली होती आणि टाचा जमिनीवर टेकवून हात वर केला तर बोटं ९ फूट ७ इंचांवर. रिंग असते १० फुटांवर. म्हणजे उडी न मारताच त्याची बोटं रिंगपासून पाच इंचांवर! अशा माणसाकडे धावत येणारा गार्ड काय करतो ते नीट पाहा. तो आत येतो, मान वर करतो, पाय अडखळतो आणि बॉल घेऊन परत बाहेर वळतो. किंवा घाईनं पास देतो. किंवा रिंगपासून आठ फुटांवरून बॉल उंच फेकतो आणि तो जातो आडवातिडवा. यातल्या एकाही गोष्टीसाठी गोबेरच्या नावापुढे काही लिहिलं जात नाही.

२०१३-१४ पासून एनबीएच्या सगळ्या मैदानांत खेळाडूंच्या हालचाली टिपणारे कॅमेरे बसले, तेव्हापासून यातलं थोडं तरी मोजता येऊ लागलं. रिंगजवळ अमुक सेंटर समोर असताना प्रतिस्पर्ध्यांचे किती टक्के शॉट पडले, हा आकडा मिळतो. त्याच्या जोडीला मी दुसरा आकडा मागते: तो मैदानावर असताना समोरच्यांनी रिंगजवळून एकूण किती शॉट घेतले? पहिला आकडा सांगतो हात किती लांब आहेत, दुसरा सांगतो दरारा किती आहे. दुसराच मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

पिक अँड रोलमध्ये सेंटरवर एवढी टीका का होते?

कारण आजच्या खेळातला निम्मा हल्ला तिथूनच सुरू होतो आणि टीव्हीवर चूक नेहमी सेंटरचीच दिसते.

चित्र असं. समोरचा सेंटर येऊन आपल्या गार्डच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहतो, ही झाली स्क्रीन. आपला गार्ड त्यात अडकतो. आता त्यांचा गार्ड बॉल घेऊन सुसाट येतोय, त्यांचा सेंटर रिंगकडे वळतोय आणि आपला सेंटर एकटा दोघांसमोर. हाच पिक अँड रोल. त्याच्यापुढे ढोबळमानाने तीन वाटा असतात.

पहिली, मागे सरकायचं. याला ड्रॉप म्हणतात. रिंग राखायची, गार्डला मधल्या अंतरावरून शॉट घेऊ द्यायचा. यामागे साधं गणित आहे. रिंगजवळचे साधारण साठ टक्के शॉट पडतात, म्हणजे शॉटमागे १.२ गुण. तीन गुणांचा शॉट छत्तीस टक्क्यांच्या आसपास पडला तर १.०८. मधला, चाळीस टक्क्यांचा दोन गुणांचा शॉट मात्र ०.८ गुणांचाच. तेव्हा द्यायचाच असेल तर हा द्या. गोबेर आयुष्यभर प्रामुख्याने हेच खेळत आला.

दुसरी, पुढे धावून गार्डला अडवायचं आणि तो थबकला की आपल्या जागी परतायचं. याला दम लागतो आणि मागच्या तिघांचा समन्वय लागतो.

तिसरी, माणसांची अदलाबदल. सेंटरनं गार्ड घ्यायचा, गार्डनं सेंटर. इथे उंच सेंटर वीस फुटांवर एकटा सापडतो आणि सगळं जग त्याच्या पायांकडे पाहत असतं.

२४ मे २०२४, वेस्टर्न कॉन्फरन्स फायनलचा, म्हणजे लीगच्या पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेचा, दुसरा सामना. डॅलस दोन गुणांनी मागे, मिनेसोटाचा गोबेर नेमका लुका डोंचिचसमोर. डोंचिचनं बॉल पायांतून काढला, मागे उडी घेतली, तीन गुणांचा शॉट, तीन सेकंद बाकी, डॅलस १०९-१०८. ती चित्रफीत किती वेळा फिरली याची गणती नाही. पण ४८ मिनिटांच्या सामन्यात सेंटरच्या वाट्याला असे प्रसंग किती येतात आणि रिंगखालचे किती? शेवटच्या क्षणी तो तिथे सापडला, हे त्याचं वैगुण्य आहेच. त्यावरून बाकीचा सगळा सामना पुसून टाकणं मला मान्य नाही.

रिबाउंडची सरासरी पाहायचीच नाही का?

पाहायची, पण तिथेच थांबायचं नाही. किती मिनिटं खेळला आणि त्या वेळात किती शॉट चुकले यावर सरासरी अवलंबून असते. त्यापेक्षा टक्केवारी बघा. समजा तो मैदानावर असताना दोन्ही संघांचे मिळून ६० रिबाउंड झाले आणि त्यातले १२ त्याचे. म्हणजे २० टक्के. मैदानावर दहा जण असतात, सारखी वाटणी केली तर प्रत्येकाच्या वाट्याला १० टक्के येतात. हा माणूस दुप्पट घेतोय. ही टक्केवारी बचावातल्या आणि हल्ल्यातल्या रिबाउंडसाठी वेगवेगळी काढली तर आणखी बरं, कारण स्वतःच्या संघाचा चुकलेला शॉट परत मिळवणं कितीतरी अवघड असतं.

त्यानंतर विचारायचं: मिळालेला रिबाउंड लढून मिळाला की पडत्या फळासारखा? फ्री थ्रो चुकला, आजूबाजूला कुणी नाही, बॉल थेट हातात आला, तरी मोजणीत एकच. तीन जणांच्या कोपरांतून ओढून काढलेलाही एकच.

चांगला सेंटर असूनही रिबाउंड कमी, असं होऊ शकतं?

होतं, आणि यावर मी तासभर बोलू शकते.

शॉट सुटला की सगळे वर पाहतात. चांगला सेंटर त्या क्षणी खाली पाहतो, आपला माणूस कुठे आहे ते. त्याच्या छातीला पाठ लावायची, गुडघे वाकवायचे, बूड मागे रेटायचं, दोन्ही हात कोपरांत वाकवून बाजूला धरायचे आणि त्याला रिंगपासून एकेक इंच दूर ढकलत राहायचं. हा बॉक्स आउट. पाठीला समोरच्याचा श्वास जाणवतो, तो डावीकडे वळणार की उजवीकडे ते कण्यालाच आधी कळतं. दोन सेकंदांची कुस्ती असते ती. बॉल तुमच्यापासून चार फुटांवर पडतो आणि तुमचीच मैत्रीण तो अलगद उचलते. नोंदवहीत तिचं नाव.

२०१६-१७ च्या मोसमात ओक्लाहोमा सिटीच्या रसेल वेस्टब्रुकनं ४२ ट्रिपल-डबल केले (एकाच सामन्यात गुण, रिबाउंड, असिस्ट अशा तीन बाबींत दहा किंवा जास्त), तेव्हाचा तो विक्रम होता. गार्ड असून त्याची रिबाउंडची सरासरी १०.७. त्याच संघाचा सेंटर स्टीव्हन अॅडम्स, न्यूझीलंडचा धिप्पाड गडी, त्याची ७.७. आकडे पाहून कुणी म्हणेल, सेंटरपेक्षा गार्ड बरा! सामने पाहिले की दिसतं, अॅडम्स समोरच्या सेंटरला कोंडून धरायचा आणि वेस्टब्रुक बॉल घेऊन थेट पळत सुटायचा. संघाला त्यातून वेगवान हल्ला मिळायचा. वेस्टब्रुकचं श्रेय मी कमी करत नाही, पण त्या १०.७ मध्ये अॅडम्सची पाठ आहे.

म्हणून माझा ठोकताळा असा: सेंटरचे रिबाउंड मोजायच्या आधी, तो मैदानावर असताना संघाला चुकलेल्या शॉट्सपैकी किती टक्के मिळाले ते मोजा. सेंटरचे भरपूर आणि संघाचे तेवढेच, तर तो बहुधा आपल्याच माणसांच्या हातचे घेतोय.

चेंबरलेन आणि रसेल यांच्या आकड्यांसमोर आजचे सेंटर फिके वाटतात. ते खरंच एवढे मोठे होते?

मोठे होतेच. पण आकडे काळाच्या चौकटीत वाचावे लागतात. विल्ट चेंबरलेननं २४ नोव्हेंबर १९६० ला एका सामन्यात ५५ रिबाउंड घेतले, तेही रसेलच्या बोस्टनविरुद्ध. त्या काळी खेळ अतिशय वेगवान होता आणि शॉट पडायचे साधारण ४१-४२ टक्के. आज ४७ च्या घरात पडतात. शॉट जास्त, चुकणारे त्याहून जास्त, त्यामुळे एकेका संघाला सामन्याला सत्तरच्या वर रिबाउंड मिळायचे. आज चव्वेचाळीसच्या आसपास मिळतात. चेंबरलेनचे कारकिर्दीतले २३,९२४ आणि रसेलचे २१,६२० या आकड्यांना कुणी हात लावेल असं वाटत नाही, आणि त्यामागे काळाचाही वाटा आहे.

रसेलचं मोल मात्र दुसरीकडे आहे. १३ मोसम, ११ अजिंक्यपदं. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमुळे तो पहिल्या मोसमाच्या मध्यावर बोस्टनला पोहोचला आणि त्याच वर्षी बोस्टननं पहिलं अजिंक्यपद मिळवलं. गुण चेंबरलेनचे कितीतरी जास्त. एखादा माणूस संघात आल्यानं काय बदलतं, या प्रश्नाला याहून स्पष्ट उत्तर मला सापडत नाही.

सेंटर रिंगखालीच का उभा राहत नाही?

एनबीएमध्ये २००१-०२ पासून नियम आहे: जवळच्या प्रतिस्पर्ध्याला राखत नसाल तर रिंगखालच्या रंगवलेल्या आयतात बचाव करताना तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. त्यामुळे सेंटर सतत आत-बाहेर करताना दिसतो. आपल्याकडे फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांनी खेळतात, त्यात बचावासाठी असं बंधन नाही. फिबात आणखी एक सवलत आहे. शॉट रिंगला लागून वर उडाला की बॉल रिंगवर असतानाही हात लावता येतो, एनबीएमध्ये तो गुन्हा. एनबीए पाहून शिकलेल्या मुली इथे हमखास हात आखडता घेतात.

ऑन-ऑफ म्हणजे काय? त्यावर विश्वास ठेवावा का?

सेंटर मैदानावर असताना संघानं दर १०० ताब्यांमागे (समोरच्यांच्या हाती बॉल आलेल्या १०० वेळांमागे) किती गुण दिले आणि तो बाकावर असताना किती, यातला फरक. कल्पना उत्तम, कारण न घेतलेले शॉट, दिलेले आवाज, अडवलेल्या वाटा सगळं यात आपोआप उतरतं. पण दगाही देते. बदली सेंटर अगदीच कच्चा असेल तर मुख्य सेंटर विनाकारण देव वाटतो. बदली चांगला असेल तर उलटं. शिवाय तो कायम कुणाबरोबर खेळतो हेही मिसळलेलं असतं.

एका सामन्यावरून तर काहीच ठरवू नका. ६ मे २०२४ ला गोबेर मुलाच्या जन्मासाठी घरी होता. मिनेसोटानं त्याच्याशिवाय डेन्व्हरला, म्हणजे गतविजेत्यांना, त्यांच्याच मैदानावर १०६-८० असं गुंडाळलं. दुसऱ्याच दिवशी गोबेरला वर्षातला सर्वोत्तम बचावपटू जाहीर केलं, चौथ्यांदा. लोकांनी अर्थातच तोंडसुख घेतलं. पण त्या मोसमाच्या ८२ सामन्यांत मिनेसोटाचा बचाव लीगमध्ये पहिला होता आणि संघ ५६ सामने जिंकला होता. ८२ सामन्यांच्या पुराव्यासमोर एका रात्रीचं वजन किती, हे आपलं आपण ठरवावं. निदान दोन-तीन मोसमांचा ऑन-ऑफ हातात असल्याशिवाय मी त्यावर वाद घालत नाही.

‘प्लेऑफमध्ये गोबेर उघडा पडतो’ यात तथ्य किती?

काही आहे, पण सांगतात तेवढं नाही.

प्लेऑफ म्हणजे मोसम संपल्यावरच्या बाद फेरीच्या मालिका. सगळे २०२१ चं उदाहरण देतात, तेव्हा गोबेर यूटाकडे होता. यूटा जॅझ ५२ विजय, २० पराभव, लीगमध्ये सर्वोत्तम. क्लिपर्सविरुद्ध २-० आघाडी. मग क्लिपर्सनी आपले उंच सेंटर बसवले आणि पाचही जण बाहेरून शॉट मारणारे उतरवले. सहाव्या सामन्यात यूटा २५ गुणांनी पुढे होती, ती आघाडी गेली, सामना १३१-११९ असा गेला आणि मालिकाही. क्लिपर्सच्या टेरन्स मॅननं ३९ गुण केले.

तो सामना मी नंतर दोनदा पाहिला, फक्त गोबेरवर नजर ठेवून. दर वेळी तेच: बाहेरचा यूटाचा गार्ड पहिल्याच पावलात मागे पडतो, गोबेर आपला माणूस कोपऱ्यात सोडून रिंग वाचवायला धावतो, बॉल कोपऱ्यात जातो, शॉट पडतो. पडद्यावर दिसतं ते एवढंच की शेवटी गोबेर धापा टाकत कोपऱ्याकडे निघालाय आणि उशीर झालाय. छपराला भोक पडलं, खाली बादली एकच, आणि ओल आली म्हणून बादलीला दोष. तरीही हेही लिहिलं पाहिजे की ठेंगण्या संघाला हल्ल्यात धडा शिकवायला त्याच्याकडे काही नव्हतं. ठेंगणा माणूस अंगावर असताना स्वतः बॉल मागवून, त्या माणसाला पाठीवर घेऊन गुण करणारा सेंटर असता तर क्लिपर्सना तो डाव चालू ठेवता आला नसता. त्याच्या खेळातली ती खरी उणीव.

याच्या उलट ३० एप्रिल २०२५. लेकर्सविरुद्धचा पाचवा सामना. मिनेसोटाचे बाहेरचे शॉट पडेनात: तीन गुणांच्या ४७ प्रयत्नांत फक्त ७. असा सामना कुणी जिंकतं का? मिनेसोटा जिंकली, १०३-९६, आणि मालिकाही संपवली. गोबेरचे २७ गुण, २४ रिबाउंड. लेकर्सकडे त्याच्यासमोर उभं राहील असा उंच माणूसच नव्हता, आणि या वेळी त्यानं त्याची पुरेपूर किंमत वसूल केली.

भरपूर रिबाउंड घेणारा सेंटर संघाला महाग पडू शकतो?

आंद्रे ड्रमंडचं पाहा. चार मोसम तो लीगमध्ये रिबाउंडच्या सरासरीत पहिला. फेब्रुवारी २०२० मध्ये डेट्रॉइटकडून खेळताना त्याची सरासरी १७.८ गुण, १५.८ रिबाउंड. त्याच्या बदल्यात डेट्रॉइटला क्लीव्हलँडकडून काय मिळालं? दोन खेळाडू आणि ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीतली एक निवड. पगार मोठा होता, हेही कारण होतं. पण बाजाराला कळलं होतं की या रिबाउंडमुळे संघाचा बचाव उभा राहत नाही.

दोन वर्षांनी, जुलै २०२२ मध्ये, मिनेसोटानं गोबेरसाठी पाच खेळाडू, पहिल्या फेरीतल्या चार निवडी आणि एका निवडीची अदलाबदल एवढं मोजलं. त्या पाचात नुकताच निवडलेला वॉकर केसलर होता, तोही पुढे चांगला सेंटर निघाला. ‘लुटले गेले’ असं सगळे म्हणाले. पहिल्या वर्षी ४२ विजय, तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. नंतर सलग दोन वर्षं, २०२४ आणि २०२५, संघ कॉन्फरन्स फायनलला गेला. २०२४ मध्ये डेन्व्हरविरुद्ध सातव्या सामन्यात २० गुणांची पिछाडी भरून काढून जिंकला. किंमत जास्त होती, असं मी आजही म्हणेन. माल खोटा होता असं कुणी म्हणू नये.

गुण न करणाऱ्या सेंटरचा हल्ल्यात उपयोग काय?

स्क्रीन. तो अंगानं वाट अडवतो म्हणून शूटर मोकळा होतो. त्यावर पडलेल्या शॉटची ‘स्क्रीन असिस्ट’ म्हणून एनबीए आता नोंद ठेवते आणि गोबेर त्यात वर्षानुवर्षं अग्रभागी आहे. शिवाय तो रिंगकडे धावला की दोन बचावपटू त्याच्यामागे खेचले जातात, कोपरे मोकळे होतात.

उंची कमी असेल तर सेंटर खेळूच नये का?

बेन वॉलेस. उंची ६ फूट ९ इंच, सेंटर म्हणून तोकडीच. १९९६ च्या ड्राफ्टमध्ये कुणीच घेतला नाही. कारकिर्दीत गुणांची सरासरी ५.७, फ्री थ्रोची तर बोंबच. आणि हाच माणूस चार वेळा सर्वोत्तम बचावपटू, जुना सेंटर डिकेम्बे मुटोंबो आणि गोबेर यांच्या बरोबरीनं. २००४ मध्ये डेट्रॉइटनं लेकर्सला ४-१ असं हरवलं, त्या संघाचा कणा तो. दंड, पाय आणि चुकलेला शॉट कुठे पडणार याचा अंदाज, या तीन गोष्टींवर तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. माझ्या कोर्टवर पाच फूट पाच इंचांची सेंटर आहे. तिला मी वॉलेसच्याच जुन्या चित्रफिती दाखवते.

भारतातून कुणी सेंटर एनबीएपर्यंत पोहोचला आहे?

पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग, ७ फूट २ इंच. २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सनं त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडलं, ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय. एनबीएच्या सामन्यात उतरायची संधी मात्र त्याला मिळाली नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना आणि सॅक्रामेंटो यांचे दोन सामने झाले, तेव्हा आदल्या मोसमात ब्लॉकमध्ये लीगमध्ये पहिला आलेला माइल्स टर्नर मुंबईकरांनी प्रत्यक्ष पाहिला.

घरी बसून सेंटर कसा पाहावा? कुठली आकडेमोड लागते का?

चौकोनी वही आणि पेन्सिल पुरे. एका पावासाठी बॉल पाहायचा नाही असं ठरवा, फक्त सेंटर. सुरुवातीला फार जड जातं, नजर आपोआप बॉलमागे जाते. पाच रकाने आखा:

१. बॉल घेऊन आलेला माणूस सेंटरला पाहून वळला किंवा पास देऊन मोकळा झाला.
२. सेंटर समोर असताना शॉट चुकला.
३. शॉट सुटल्यावर त्यानं आपल्या माणसाला पाठ लावली. बॉल कुणालाही मिळो.
४. आपला हल्ला संपताच तो तीन पावलांत मागे वळला.
५. हुलकावणीला फसून उडाला.

पहिल्या चार रकान्यांत अधिक, पाचव्यात उणे. रिबाउंड आणि ब्लॉक लिहूच नका, ते स्कोअरशीटवर असतात.

गेल्या हिवाळ्यात एका शालेय स्पर्धेत माझी एक मुलगी रडत माझ्याकडे आली. सामना जिंकला होता, पण तिचे रिबाउंड चारच. समोरच्या सेंटरचे अकरा. घरचे स्कोअरशीटचा फोटो पाहून विचारत होते, तू खेळलीस तरी का? मी वही उघडून दाखवली. तिसऱ्या रकान्यात एकवीस रेघा होत्या. समोरच्या अकरांपैकी सात, ही बाकावर बसली होती तेव्हाचे. आमच्या दोन फॉरवर्डचे मिळून सतरा होते, बहुतेक तिच्या पाठीमागून उचललेले. तिनं वहीचं ते पान मागून घेतलं, घडी घालून बुटाच्या पिशवीत ठेवलं, आणि विचारलं, ‘ताई, पाचव्या रकान्यात सहा कशा आल्या?’